स्वयंपाकघराच्या आराखड्यात कॅबिनेटची मापं आणि जागा कशी बसवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं किचन ट्रॉलीच्या कामांचे आराखडे काढून देतो. हल्ली बरेच जण ट्रॉलीवाल्याकडे जाण्याआधी घरीच संगणकावर आराखडा करून बघतात. त्यात अडकले की फोन करतात, आणि बहुतेक फोन मापं आणि जागा या दोन गोष्टींवरच असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी स्वीट होम थ्रीडी घेतलं आहे, कारण ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, हिशेब हाच राहील.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कोणती मापं घेऊन ठेवायची?

भिंतीची लांबी एकदाच मोजू नका. तीन उंचीवर मोजा: फरशीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. गिलाव्यात फुगवटा असतो, कोपऱ्यात टाइलची जाडी येते, त्यामुळे तीन आकडे क्वचितच सारखे येतात. मागच्या एका कामात फरशीला ३०४० मिलिमीटर, ओट्याला ३०३२ आणि वर ३०३५ आले होते. आराखड्यात ३०३२ धरायचे. कॅबिनेट सरळ खोक्यासारखं असतं, त्यामुळे ते सगळ्यात अरुंद जागेतूनच आत जावं लागतं.

कोपरा गुण्यात आहे का तेही तपासा. मोठा गुण्या नसेल तर एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजा. बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. कमी आलं तर कोपरा बंद आहे, जास्त आलं तर उघडा.

मग खिडकीची चौकट: कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती, आणि दार आत उघडतं की बाहेर. नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपचं मधलं अंतर. विजेचे पॉइंट. चिमणीचं भोक. पाइप गॅस असेल तर मीटर आणि पाइप कुठून येतो ते. पाइप गॅसची जोडणी आपल्या मनाने हलवता येत नाही. कंपनीची माणसंच ती हलवतात, म्हणून आराखड्यात ती पक्की धरून चला.

सगळी मापं तयार फरशीपासून घ्या. फरशी अजून बसायची असेल तर कोबा आणि टाइल मिळून किती चढणार ते कंत्राटदाराला विचारून तेवढं वजा करा.

आमचा मिस्त्री इंच आणि सुतात बोलतो, सॉफ्टवेअरमध्ये कोणतं एकक ठेवू?

मिलिमीटर ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, एकक बदलता येतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. मिस्त्री ‘साडेतेवीस इंच दोन सूत’ म्हणाला तर ते पावणेचोवीस इंच, म्हणजे ६०३ मिलिमीटर. बिजागऱ्या, चॅनल (ड्रॉवरच्या सरकपट्ट्या), तयार बास्केट, हॉब, सिंक या सगळ्यांची कागदावरची मापं मिलिमीटरमध्येच येतात, म्हणून हिशेब एकाच भाषेत ठेवलेला बरा. छापील आराखड्यावर मात्र मिस्त्रीसाठी इंचही लिहून द्या. त्याच्या हातातली टेप तो ज्या बाजूने वाचतो, त्या बाजूचा आकडा त्याच्यासमोर असू द्या.

भिंती मोजल्याप्रमाणेच काढल्या, तरी खोली आतून लहान का भरते?

स्वीट होम थ्रीडीमध्ये भिंत तिच्या जाडीच्या मध्यरेषेवर काढली जाते. काढताना दिसणारी लांबी मध्यरेषेची असते, खोलीच्या आतली नव्हे. दोन्ही बाजूंच्या भिंती १५० मिलिमीटर जाड असतील तर प्रत्येक टोकाची निम्मी जाडी, म्हणजे ७५ अधिक ७५, आतून कमी होते. आतलं माप ३०३२ हवं असेल तर मध्यरेषा ३१८२ ची काढा.

नव्या भिंतीची ठरलेली जाडी ७.५ सेंटिमीटर आणि उंची २५० सेंटिमीटर असते. आपल्याकडच्या भिंती बहुधा याहून जाड आणि स्लॅब याहून उंच असतो, म्हणून हे आकडे पहिल्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये बदला. भिंत माउसने ओढत बसण्यापेक्षा काढता काढता एंटर दाबा, म्हणजे लांबी टाइप करता येते. झाल्यावर आतल्या बाजूने एक माप-रेषा टाकून खात्री करून घ्या. मग प्लॅन मेनूतून मूळ आराखडा लॉक करा. नाहीतर कॅबिनेट सरकवायला जाल आणि भिंतच सरकेल, आणि ते लक्षात येईपर्यंत पाच-सहा कॅबिनेटं चुकीच्या जागी बसलेली असतील.

कॅबिनेटवर डबल क्लिक केल्यावर इतके आकडे दिसतात. कशाचा अर्थ काय?

आकडे दोन प्रकारचे असतात. विड्थ, डेप्थ, हाइट हे कॅबिनेटच्या स्वतःच्या आकाराचे: रुंदी, खोली, उंची. एक्स, वाय, एलिव्हेशन आणि अँगल हे जागेचे. एक्स म्हणजे आराखड्यात डावीकडून उजवीकडे, वाय म्हणजे वरून खाली. एलिव्हेशन म्हणजे कॅबिनेटचा तळ जमिनीपासून किती वर आहे. अँगल म्हणजे ते किती फिरवलं आहे.

कॅबिनेट फिरवलं तरी त्याची विड्थ समोरच्या शटरच्या, म्हणजे दाराच्या, बाजूचीच राहते. एक्स आणि वाय मात्र आराखड्याचेच राहतात, ते कॅबिनेटबरोबर फिरत नाहीत. वरच्या भिंतीला पाठ लावलेलं कॅबिनेट ० अंशात असतं, उजव्या भिंतीचं ९० आणि डाव्या भिंतीचं २७०.

‘कीप प्रोपोर्शन्स’ची खूण काढून टाका. ती असली की रुंदी बदलल्यावर खोली आणि उंचीही त्याच प्रमाणात बदलते, आणि ६०० ची रुंदी ९०० केली की ओटा छातीपर्यंत येतो.

रुंदी बदलली की कॅबिनेट शेजारच्यात घुसतं. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी सुटतात. एक्स आणि वाय हे कॅबिनेटच्या कोपऱ्याचे आकडे नसून त्याच्या मधल्या बिंदूचे असतात. डबल क्लिकने उघडणाऱ्या खिडकीत रुंदी ६०० ची ८०० केली की मध्यबिंदू हलत नाही, दोन्ही बाजू १००-१०० ने फुगतात. ते डावीकडच्या शेजाऱ्यात घुसतं आणि उजवीकडच्यातही.

आराखड्यात कॅबिनेट निवडल्यावर चार कोपऱ्यांवर चार खुणा येतात: डावीकडे वर फिरवण्याची, उजवीकडे वर जमिनीपासूनच्या उंचीची, डावीकडे खाली कॅबिनेटच्या उंचीची आणि उजवीकडे खाली आकाराची. आकाराची खूण ओढली तर समोरचा कोपरा जागेवर राहतो. पण हाताने ओढून नेमकं मिलिमीटर जमवणं अवघड असतं, म्हणून कागदावर आधी हिशेब करावा असं माझं मत आहे. तो असा करतात.

भिंत ३०३२ ची, ओटा सरळ एका रेषेत. डाव्या भिंतीची आतली कड एक्स ० धरा आणि मागच्या भिंतीची आतली कड वाय ०. डावीकडून ४० ची फिलर पट्टी (भिंत आणि कॅबिनेट यांमधली जागा भरणारी), मग ४५० चं सिलिंडरचं कॅबिनेट, ९०० चे शेगडीखालचे ड्रॉवर, २०० चं बाटल्यांचं पुलआउट, ६०० चे ड्रॉवर आणि ८०० चं सिंकखालचं कॅबिनेट. कॅबिनेटांची बेरीज २९५०, पट्टीसह २९९०. उजवीकडे ४२ उरले, तीही पट्टी.

आता डाव्या कडा एका ओळीत लिहा: ४०, ४९०, १३९०, १५९०, २१९०. प्रत्येकात त्या कॅबिनेटच्या रुंदीचा अर्धा मिळवा. सिलिंडर २६५, शेगडी ९४०, पुलआउट १४९०, ड्रॉवर १८९०, सिंक २५९०. हे तुमचे एक्स. शटर धरून खोली ५८० असेल तर वाय सगळ्यांचा २९०. पाच खिडक्या उघडून दहा आकडे टाकले की सगळी रांग जागच्या जागी बसते. उद्या पुलआउट २०० चं ३०० केलंत तर त्याचा स्वतःचा आणि त्याच्या उजवीकडचे आकडे बदलायचे, डावीकडे हात लावायचा नाही. तेव्हा जास्तीचे १०० कुठून तरी काढावे लागतील. इथे ते ड्रॉवर ६०० चे ५०० करून निघतात, आणि मग सिंकचा आकडा तसाच राहतो.

शून्य कुठे धरलं ते आराखड्यावर ठळक लिहून ठेवा. मी डाव्या भिंतीपासून मोजलं आणि सुताराने उजवीकडून सुरुवात केली, तर सगळे आकडे बरोबर असूनही सिंक पाइपापासून वीतभर सरकतं.

ओट्याची उंची किती ठेवायची आणि ती सॉफ्टवेअरमध्ये कुठे टाकायची?

ठरीव आकडा असा: खाली १०० ची स्कर्टिंग (जमिनीलगतची पट्टी), त्यावर ७२० चं खोकं, त्यावर २० चा ग्रॅनाइट. एकूण ८४०, म्हणजे साधारण ३३ इंच. पण हा आकडा पाठ करण्यापेक्षा घरात जी व्यक्ती जास्त वेळ ओट्याशी उभी असते, तिला उभं करून कोपर वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. कोपर ९७ सेंटिमीटरवर असेल तर ओटा ८२ ते ८७ मध्ये बसतो. कणीक मळायला थोडा खालचा ओटा बरा वाटतो, भाजी चिरायला थोडा वरचा. पोळ्या रोज होत असतील तर मी खालच्या आकड्याकडे झुकतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे दोन प्रकारे येतं. सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधल्या, म्हणजे तयार वस्तूंच्या यादीतल्या, कॅबिनेटला खालची पट्टी जोडलेलीच असेल तर एलिव्हेशन ० आणि हाइट ८२०. पट्टी वेगळी काढणार असाल तर एलिव्हेशन १०० आणि हाइट ७२०. दोन्ही पद्धती एकाच आराखड्यात मिसळू नका. एका कॅबिनेटचा तळ जमिनीवर आणि दुसऱ्याचा हवेत दिसला की समजा तिथेच घोळ झाला आहे.

वरच्या कपाटांसाठी ओट्यापासून ६०० सोडा, म्हणजे त्यांचं एलिव्हेशन १४४०. मिक्सरचं भांडं आणि झाकण धरून उंची मोजून बघा, कारण ही फट बऱ्याचदा मिक्सरच ठरवतो. खोली ३०० ते ३५० पुरते. त्याहून खोल केलं तर चिरताना कपाळ लागतं. माळा ७ फुटांवर, म्हणजे २१३४ वर असेल आणि कपाट ६०० उंच असेल, तर वर ९४ ची फट उरते. तिथे धूळ आणि तेलकटपणा साचतो. एकतर कपाटच उंच करा किंवा पट्टीने ती बंद करा, पण ते आराखड्यात आत्ताच दाखवा.

एखादं कॅबिनेट आपोआप दुसऱ्यावर चढतं, भिंतीला चिकटतं. हे थांबवता येतं का?

ते चुंबकासारखं चिकटणं सॉफ्टवेअरनेच दिलेलं आहे, त्याला तिथे मॅग्नेटिझम म्हणतात. ते भिंतीला पाठ लावून देतं, आणि जमिनीवर असलेली वस्तू दुसऱ्या वस्तूवर सोडली की तिला वर ठेवतं. ओट्यावर मिक्सर ठेवताना हे सोयीचं आहे. खालचं कॅबिनेट चुकून दुसऱ्यावर सोडलं तर मात्र ते टेबलावर चढल्यासारखं वर जाऊन बसतं, आणि वरून बघताना आराखड्यात काहीच वेगळं दिसत नाही. विंडोजवर ओढताना ऑल्ट दाबून धरलं की तेवढ्यापुरतं ते थांबतं, कायमचं बंद प्रेफरन्सेसमध्ये करता येतं.

मी भिंतीला लावेपर्यंत चालू ठेवतो आणि शेवटी सगळे आकडे खिडकीत टाकतो. बाणाच्या कळांनीही सरकवता येतं, पण ते पाऊल पडद्यावरचं असतं, झूम जास्त केला की लहान होतं. नेमक्या मापासाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

दोन्ही टोकांना फिलर पट्टी कशाला? जागा वाया नाही का जात?

प्रत्येक टोकाला साधारण ४० मिलिमीटर जागा जाते हे खरं आहे. ती नसेल तर भिंतीलगतच्या शटरची मूठ उघडताना टाइलला लागते आणि दार पूर्ण ९० अंशात उघडत नाही. दार अडलं की आतला ड्रॉवर बाहेर येताना दारालाच घासतो. शिवाय भिंत ओळंब्यात नसते. पट्टी जागेवर बसवताना सुतार ती भिंतीच्या वाकाप्रमाणे रंधून घेतो. कॅबिनेटचं खोकं तसं रंधता येत नाही.

एल आकाराच्या कोपऱ्यात काय करायचं?

कोपऱ्यात सगळ्यात जास्त चुका होतात, कारण वरून बघताना सगळं छान बसलेलं दिसतं आणि उघडल्यावर काहीच उघडत नाही.

मागची भिंत तीच ३०३२ ची, आणि उजव्या भिंतीवर दुसरी रांग. मागच्या रांगेतलं शेवटचं कॅबिनेट कोपऱ्यात आतपर्यंत जाऊ द्या. समजा त्याची रुंदी १०५० आहे. उजव्या रांगेची खोली ५८०, त्यापुढे ५० ची पट्टी, मिळून ६३० झाकले जातात. शटरला उरतात ४२०. असा काही भाग कोपऱ्यात झाकला जाणारं कॅबिनेट म्हणजेच ब्लाइंड कॉर्नर. एक्स होतो ३०३२ वजा ५२५, म्हणजे २५०७.

उजव्या रांगेतलं पहिलं कॅबिनेट मागच्या भिंतीपासून ६३० वर सुरू होतं. ते ४५० रुंद असेल तर वाय ६३० अधिक २२५, म्हणजे ८५५. एक्स ३०३२ वजा २९०, म्हणजे २७४२. अँगल ९०.

ती ५० ची पट्टी कमी करू नका. आता काटकोनात समोरासमोर दोन मुठी आहेत. मूठ ३० ते ३५ मिलिमीटर बाहेर येते. पट्टी २० ची ठेवली तर ड्रॉवर ओढताना त्याची कड शेजारच्या मुठीवर आपटते. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, कारण त्याला ड्रॉवर उघडताना दिसत नाही. मी ड्रॉवर पूर्ण बाहेर आल्यावर जेवढी जागा घेईल तेवढं ५०० खोलीचं एक साधं खोकं त्याच्या पुढे ठेवून बघतो. ते कशात घुसतंय का पाहून मग काढून टाकतो.

आतल्या आंधळ्या कोपऱ्यात हात पोचत नाही, म्हणून लोक फिरत्या जाळ्या मागतात. त्या महाग असतात. रोजची भांडी इतरत्र मावत असतील तर तिथे सणावाराची मोठी पातेली, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या ठेवला तरी चालतं.

सिलिंडरच्या कॅबिनेटला काय मापं द्यावीत?

घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरचा व्यास साधारण ३२ सेंटिमीटर असतो. आतून ४०० तरी मिळायला हवेत, म्हणजे सिलिंडर फिरवून काढता येतो. बाहेरून ४५० धरलं आणि १८ ची प्लाय वापरली तर आतून ४१४ मिळतात. उंची रेग्युलेटर लावलेल्या स्थितीत स्वतः मोजा. या कॅबिनेटला मधला कप्पा नको, तळाची फळी नको, म्हणजे सिलिंडर थेट फरशीवर उभा राहतो आणि उचलावा लागत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो. म्हणून शटरला किंवा बाजूला खालच्या अंगाला जाळी हवीच. आराखड्यात ती जाळी काढून दाखवा, तोंडी सांगितलेली विसरली जाते.

शेगडी, चिमणी आणि खिडकी यांच्या जागा जुळवताना काय बघायचं?

शेगडी आणि चिमणी यांचा एक्स एकच ठेवा. वरच्या हिशेबात शेगडीखालचं कॅबिनेट ९४० वर आहे, तर चिमणीही ९४० वर. चिमणी ९०० रुंद घेतली तर ती ४९० ते १३९० व्यापते, आणि वरच्या कपाटांच्या उभ्या रेषा खालच्या रेषांशी आपोआप जुळतात. शेगडीपासून चिमणीपर्यंत ६५० ते ७५० ठेवा, नेमका आकडा चिमणीच्या माहितीपत्रकात असतो. चिमणीचा सहा इंची पाइप वरच्या कपाटातून जाणार असेल तर त्या कपाटाची जागा तेवढी कमी धरा.

खिडकीबद्दल एक घरचा अनुभव. माझ्या मावशीच्या घरी सिंक खिडकीखाली घेतलं होतं. आराखड्यात खिडकी नुसता आयत होती. प्रत्यक्षात तिची दारं आत उघडणारी होती आणि चौकट ओट्यापासून जेमतेम १२ सेंटिमीटर वर. उंच मानेचा नळ बसवल्यावर डावं दार उघडेना. पावसाळाभर मावशी एकच दार उघडून स्वयंपाक करत होती, शेवटी नळ बदलून भिंतीतला बुटका नळ घेतला. तेव्हापासून मी खिडकीच्या दाराची उघडझाप आराखड्यात काढल्याशिवाय सिंकची जागा पक्की करत नाही.

आमच्याकडे जुना कडाप्प्याचा ओटा आहे, फक्त ट्रॉल्या बसवायच्या आहेत. मग?

मग भिंतीपेक्षा कडाप्प्याच्या उभ्या फरश्या महत्त्वाच्या. प्रत्येक उभी फरशी तिच्या जाडीचं खोकं म्हणून आराखड्यात काढा आणि दोन फरश्यांमधला प्रत्येक गाळा वेगळा मोजा. वर, मध्ये, खाली, शिवाय समोर आणि मागे. गाळे एकसारखे दिसतात, पण क्वचितच असतात. मागे १० मिलिमीटर अरुंद असलेला गाळा मी अनेकदा पाहिला आहे, आणि अशा गाळ्यात समोरच्या मापाने केलेली ट्रॉली निम्मी जाऊन अडकते. प्रत्येक गाळ्याचं सगळ्यात लहान माप धरून चौकटीसाठी दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक सोडा. ओट्याखाली आडवी फळी किंवा कडाप्पा असेल तर ट्रॉलीची उंची तिच्या खालून मोजायची, ग्रॅनाइटच्या खालून नव्हे.

६०० चं कॅबिनेट ९०० केलं तर शटर विचित्र ताणलेलं का दिसतं?

कॅटलॉगमधली वस्तू ताणली जाते, नव्याने बांधली जात नाही. एका शटरची दोन शटरं होत नाहीत, मूठही रबरासारखी लांबते. ९०० साठी ४५० ची दोन घेऊन एकत्र ठेवा आणि यादीत ते एकच कॅबिनेट आहे असं नाव द्या. नुसता जागेचा हिशेब करत असाल तर ताणलेलं दिसलं तरी बिघडत नाही.

स्केचअपमध्ये करू का?

हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर. प्लायच्या जाडीसकट खोकं काढायचं असेल तर जरूर. तिथे मूव्ह टूलने सरकवायला सुरुवात करून आकडा टाइप करायचा आणि एंटर मारायचा, तेवढंच अंतर सरकतं. कॅबिनेट कॉम्पोनंट म्हणून, म्हणजे एकत्र बांधलेली एक वस्तू म्हणून, ठेवा. स्केलने मात्र लांबवू नका, कारण रुंदीबरोबर १८ ची प्लायही २७ ची होते. आतली बाजू निवडून ती मूव्हने सरकवा.

शेगडी आग्नेयेला हवी असं घरात म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये दिशा कळते का?

कळते. आराखड्यात होकायंत्राची खूण असते, तिच्यावर डबल क्लिक करून उत्तर दिशा बसवता येते. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी सळ्यांजवळ चुकतं, म्हणून सोसायटीच्या मंजूर नकाशावरची उत्तर दिशा घ्या. हे अगदी सुरुवातीला करा. शेगडी सरकली की सिलिंडर, चिमणी आणि गॅसची नळी तिच्यामागे सरकतात.

सुताराच्या हातात काय द्यायचं?

थ्रीडी चित्र देऊ नका, किंवा दिलंत तरी शेवटी द्या. आधी वरून दिसणारा आराखडा माप-रेषांसह, मग प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र. त्यासोबत कॅबिनेटांची यादी. स्वीट होम थ्रीडीत यादीच्या स्तंभांमध्ये रुंदी, खोली, उंची, एक्स, वाय, एलिव्हेशन दाखवता येतात आणि ती सीएसव्ही फाइल म्हणून काढून एक्सेलमध्ये उघडता येते. त्यासाठी कॅबिनेटांना आधीच नावं द्या: ख१, ख२ खालची, व१, व२ वरची. तीच नावं आराखड्यातही दिसू द्या.

यादीतली रुंदी खोक्याची बाहेरून आहे हे स्पष्ट लिहा. ९०० च्या खोक्यात १८-१८ च्या दोन बाजू गेल्या की आत ८६४ राहतात. टेलिस्कोपिक चॅनल प्रत्येक बाजूला अर्धा इंच घेतो, म्हणून ड्रॉवरचं खोकं साधारण ८३८. तयार बास्केट आणायची असेल तर ती ८६४ च्या हिशेबाने आणायची. ९०० हा आकडा सांगून दुकानातून बास्केट आणली तर ती आत जाणार नाही. प्लायची जाडीही हातातल्या नमुन्यावर मोजून घ्या, १८ म्हणून विकलेली नेहमी १८ भरेलच असं नाही. प्रत्येक तुकड्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक पडला तर पाच कॅबिनेटांच्या रांगेत, दहा बाजूंचा मिळून, तो पाच ते सात मिलिमीटर होतो.

सगळं झाल्यावर थ्रीडीत नेमकं काय तपासायचं?

आधी डोळ्यांची उंची बदला. थ्रीडीत घरातून चालणाऱ्या माणसाची डोळ्यांची उंची ठरवता येते. जी व्यक्ती स्वयंपाक करणार तिच्या डोळ्यांची उंची टेपने मोजून ती टाका. माझ्या उंचीवरून बघितलं तेव्हा वरच्या कपाटाचा दुसरा कप्पा सहज दिसत होता. आईच्या १४२ सेंटिमीटरवरून पाहिलं तर फक्त फळीची खालची बाजू दिसली. त्या एका बघण्यावरून वरची कपाटं ५० मिलिमीटरने खाली घेतली, मिक्सर तरीही मावला.

मग शेगडीसमोर उभं राहून मागे वळा. मागे फ्रिज किंवा भिंत किती दूर आहे? खालचा ड्रॉवर ५०० बाहेर आल्यावर त्याच्यापुढे उभं राहून वाकायला जागा उरते का? फ्रिजचं दार पूर्ण उघडलं नाही तर आतला भाजीचा ट्रे बाहेर येत नाही, म्हणून फ्रिजच्या बाजूला, विशेषतः बिजागरीकडे, ५० तरी सोडलेले आहेत का बघा.

आणि छापायच्या आधी फाइल घेऊन प्रत्यक्ष स्वयंपाकघरात जा. फरशीवर खडूने ०, ४०, ४९०, १३९० अशा खुणा करा आणि घरातल्यांना त्या खुणांपुढे उभं करून डबे, पातेली, कुकर काढल्यासारखं करून बघायला सांगा. बदल करायचा असेल तर तो याच वेळी करा, कारण उद्या प्लाय कापली जाईल.